हरमीत धिल्लन यांना खुले पत्र : मिनिआपोलिसचा करार का मोडीत काढलात?

प्रति,
श्रीमती हरमीत धिल्लन,
सहायक अॅटर्नी जनरल, नागरी हक्क विभाग,
अमेरिकेचे न्याय खाते, वॉशिंग्टन डी. सी.

स. न. वि. वि.

मी मिनिआपोलिसच्या दक्षिण भागात राहते. ३८ वी स्ट्रीट आणि शिकागो अॅव्हेन्यू यांचा चौक, जिथे २०२० मध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा खून केला, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हे पत्र इंग्रजीतून तुमच्या कार्यालयाकडे रवाना केलं आहेच. मराठीतून ते जाहीर करते आहे, कारण इथल्या मराठी घरांत पोलिसांचा विषय निघाला की "आपला काय संबंध?" म्हणून तो तिथेच मिटवला जातो. माझा संबंध आहे. मला सतरा वर्षांचा स्वमग्न मुलगा आहे, आणि तुमच्या विभागाच्या एका निर्णयाने त्याच्या बाजूने लिहिलेला कागद रद्द झाला आहे.

२१ मे २०२५ रोजी तुमच्या विभागाने मिनिआपोलिस आणि लुइव्हिल या शहरांच्या पोलिस खात्यांवरचे खटले मागे घेऊ द्यावेत, अशी विनंती कोर्टाला केली. त्याच दिवशी फिनिक्स, मेंफिस, ट्रेंटन, माउंट व्हर्नन, ओक्लाहोमा सिटी आणि लुइझियाना राज्य पोलिस यांच्या चौकश्या बंद केल्या आणि आधीचे निष्कर्षही मागे घेतले. चारच दिवसांनी जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाला पाच वर्षं होणार होती. त्या दिवशी आमच्या चौकात लोक फुलं घेऊन जमले. २७ मे रोजी न्यायाधीश पॉल मॅग्नुसन यांनी खटला काढून टाकला आणि आमच्या शहराची कन्सेंट डिक्री अमलात येण्याआधीच संपली.

डिक्री म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. १९९१ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला रस्त्यावर झोडपलं आणि एका रहिवाशाने ते आपल्या गॅलरीतून व्हिडिओवर टिपलं. तीन वर्षांनी, १९९४ मध्ये, अमेरिकन काँग्रेसने कायदा केला : एखाद्या पोलिस खात्यात लोकांचे हक्क तुडवण्याची रीतच पडून गेली असेल, तर न्याय खातं त्या अख्ख्या खात्यावर दिवाणी दावा लावू शकतं. असे दावे बहुधा तडजोडीने मिटतात. शहर आणि न्याय खातं मिळून सुधारणांची यादी लिहितात, न्यायाधीश त्यावर सही करतो (हीच कन्सेंट डिक्री), स्वतंत्र निरीक्षक नेमला जातो. शहराने शब्द पाळला नाही तर न्यायाधीश जाब विचारू शकतो.

सगळं महत्त्व या शेवटच्या वाक्याला आहे. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे मी साताऱ्यात लहानपणापासून ऐकत आले. पण पोलिस खात्याने दिलेला शब्द पाळला जातोय की नाही हे विचारायला सामान्य माणूस आणखी जाणार कुठे? खात्याकडे तक्रार केली तर तपास खातंच करतं. नगरसेवकाकडे गेलं तर तो पोलिस युनियनच्या कराराकडे बोट दाखवतो. नुकसानभरपाईचा दावा जिंकला तरी पैसे करदात्यांच्या खिशातून जातात आणि अधिकारी ड्युटीवर राहतो.

तुमचं म्हणणं मी वाचलं आहे. अशा डिक्रींमुळे स्थानिक पोलिसांवरचा ताबा लोकांच्या हातून जातो आणि निवडून न आलेल्या, कुणालाही जबाबदार नसलेल्या मंडळींकडे जातो, असं तुम्ही म्हणालात. यातला एक भाग मी मान्य करते. काही शहरांत हे करार फार लांबतात. सिएटलचा २०१२ मध्ये सुरू झाला आणि दहा वर्षं उलटली तरी चालूच राहिला. निरीक्षकांची बिलं मोठी असतात. वेळेची मर्यादा घाला, खर्चाला लगाम लावा. मी तुमच्या बाजूने बोलेन.

पण मिनिआपोलिसच्या बाबतीत ताबा कुणाचा होता, ते पाहा. ६ जानेवारी २०२५ रोजी आमच्या सिटी कौन्सिलने ही डिक्री एकमताने मंजूर केली. एकाही सभासदाने विरोध केला नाही. महापौर जेकब फ्रे यांनी ती स्वीकारली. त्यांचं आणि कौन्सिलचं एरवी फारसं पटत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. या एका बाबतीत ते एकत्र आले. स्थानिक लोकांनी निवडून दिलेल्यांनी हा कागद मागितला आणि वॉशिंग्टनमधून तो रद्द झाला. स्थानिक ताब्याचं तत्त्व मानायचं असेल, तर आमच्या शहराचं ऐकायला हवं होतं.

माझी दुसरी तक्रार निष्कर्षांबद्दल आहे आणि ती जास्त गंभीर आहे. १६ जून २०२३ रोजी तुमच्याच विभागाने मिनिआपोलिस पोलिसांवरचा ८९ पानांचा अहवाल जाहीर केला. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. पोलिस गरजेपेक्षा जास्त बळ वापरतात, त्यात जीवघेणं बळही आलं. काळ्या आणि मूलनिवासी लोकांशी भेदभाव करतात. पोलिसांवर टीका करणाऱ्यांच्या अभिव्यक्तीच्या हक्कावर घाला घालतात. आणि मानसिक किंवा वर्तनविषयक अपंगत्व असलेल्यांच्या मदतीला जाताना त्यांच्याशीही भेदभाव करतात. जानेवारी २०१६ ते ऑगस्ट २०२२ या काळात मान आवळण्याचा प्रकार जवळपास दोनशे वेळा वापरला गेला, आणि त्यातल्या किमान ४४ घटनांमध्ये अटक सुद्धा झाली नव्हती. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर मान आवळण्यावर बंदी आली, तरी काही अधिकाऱ्यांनी ते चालूच ठेवलं, हेही त्याच अहवालात आहे.

यातलं काय खोटं आहे? आकडेवारी काढण्याची पद्धत सदोष होती, असं तुमचा विभाग म्हणतो. पोलिसांनी कोणत्या वंशाच्या लोकांच्या किती गाड्या थांबवल्या, त्या प्रमाणाबद्दल संख्याशास्त्राचा वाद होऊ शकतो. पण मान आवळल्याच्या घटना बॉडी कॅमेऱ्यावर आहेत. त्या मोजायला संख्याशास्त्र लागत नाही.

आणि या शहराला काय किंमत मोजावी लागली, ते एकदा डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबर २०१७ मध्ये, पुढे फ्लॉइडचा खून करणारा पोलिस अधिकारी डेरेक शॉविन एका घरात गेला. तिथे त्याने चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या डोक्यात टॉर्च मारला, त्याचा गळा धरला आणि बेड्या घातल्यावर, तो पालथा पडलेला असताना, पंधरा मिनिटांहून जास्त वेळ त्याच्या मानेवर आणि पाठीवर गुडघा ठेवला. हे मी कुणावर आळ म्हणून सांगत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शॉविनने फेडरल कोर्टात स्वतः गुन्हा कबूल केला. त्या घटनेचा बॉडी कॅमेऱ्याचा व्हिडिओ तेव्हापासून खात्याकडेच होता. वरिष्ठांना तो पाहता येत होता. शॉविन नोकरीत राहिला. एवढंच काय, नव्या पोरांना रस्त्यावरचं काम शिकवण्याची जबाबदारीही त्याच्याकडे होती. २५ मे २०२० रोजी त्याच्यासोबत फ्लॉइडला दाबून धरणारे दोघे नोकरीत जेमतेम रुजू झालेले होते. त्यांतल्या एकाचा गुरू तोच होता.

२०१७ मध्ये बाहेरच्या कुणी तो व्हिडिओ मागवून पाहिला असता, तर जॉर्ज फ्लॉइड आज जिवंत असता. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहिते. फ्लॉइड कुटुंबाला शहराने २ कोटी ७० लाख डॉलर दिले. २०१७ मधल्या शॉविनच्या दोन प्रकरणांसाठी २०२३ मध्ये आणखी ८९ लाख डॉलर. हे पैसे आमच्या घरपट्टीतून गेले, आणि फ्लॉइड कुटुंबाला त्यांचं माणूस परत मिळालं नाही.

फ्लॉइड गेला त्या रात्री पोलिसांनी काढलेलं पत्रकही विसरू नका. पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय कारणाने एक माणूस दगावला, असा त्याचा मथळा होता. गुडघ्याचा उल्लेख नव्हता. सतरा वर्षांची एक मुलगी दुकानाकडे चालली होती, तिने फोन काढून सगळं टिपलं म्हणून जगाला कळलं. ती त्या रात्री दुसऱ्या रस्त्याने गेली असती, तर ते पत्रकच इतिहास ठरलं असतं. लोकांचा विश्वास गेला तो अशा पत्रकांमुळे. अमुक चुकलं असं खात्याने त्याच रात्री कबूल केलं असतं, तर संताप झाला असता, पण प्रत्येक पत्रकावर शंका घ्यायची सवय लागली नसती.

आता माझ्या मुलाबद्दल. तो सहा फूट उंच आहे, सावळा आहे आणि थंडीत हूड डोक्यावर ओढून चालतो. घाबरला की समोरच्याचं शेवटचं वाक्य तसंच्या तसं परत बोलतो. हातात सुतळीचा तुकडा असतो, तो बोटांभोवती गुंडाळत पुढे-मागे डुलतो. एका हिवाळी संध्याकाळी, आमच्या शहराच्या हद्दीबाहेरच्या एका उपनगरात, तो वाचनालयासमोरच्या बसथांब्यावर उभा होता. मी आत पुस्तकं परत करत होते. कुणीतरी ९११ ला, म्हणजे आणीबाणीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला की एक माणूस संशयास्पद हालचाली करतो आहे. मी काचेचं दार ढकलून बाहेर आले तेव्हा दोन गाड्यांचे निळे-लाल दिवे बर्फावर फिरत होते.

अधिकारी ओरडला, "हात दाखव!"

माझा मुलगा तेवढ्याच मोठ्याने म्हणाला, "हात दाखव!"

"मस्करी करतोस?"

"मस्करी करतोस?"

अधिकाऱ्याचा उजवा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. मी ओरडत होते की तो ऑटिस्टिक आहे, त्याला कळत नाही. पण मलाही "मागे हो" असा हुकूम झाला. तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून एक वयस्क अधिकारी बाई उतरल्या. त्यांनी आधी दिवे बंद करायला लावले. मग सहकाऱ्याच्या पुढे येऊन, हात मोकळे दिसतील असे ठेवून, हळू आवाजात माझ्या मुलाला विचारलं, "ही दोरी कुठून आणलीस?" तो म्हणाला, "कुठून आणलीस." आणि डुलायचा थांबला.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. अशा मुलांशी कसं बोलायचं याचं शिक्षण कुठे घेतलंत, असं मी त्यांना नंतर विचारलं. त्यांनी स्वतःच्या हौसेने एक कोर्स केला होता. खात्याने सगळ्यांना तो सक्तीचा केलेला नव्हता. मी लेखी तक्रार दिली. बऱ्याच महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : अधिकाऱ्याचं वर्तन खात्याच्या धोरणाला धरून होतं. मी ते धोरण मागवून वाचलं. स्वमग्न व्यक्तीशी कसं वागावं, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता.

त्या संध्याकाळी दुसरी गाडी उशिरा आली असती, किंवा आलीच नसती, तर काय झालं असतं? ५ एप्रिल २०२५ रोजी आयडाहोतल्या पोकाटेलो गावात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सतरा वर्षांचा स्वमग्न मुलगा, बोलता न येणारा, घराच्या अंगणात हातात सुरी घेऊन होता. पोलिस आले, मध्ये जाळीचं कुंपण असताना आल्या-आल्या काही सेकंदांतच त्यांनी गोळ्या झाडल्या. आठवड्याभराने तो गेला. माझ्या मुलाचं आणि त्याचं वय एकच. ती बातमी मी अर्धीच वाचू शकले.

धिल्लन बाई, म्हणूनच तुमचा निर्णय मला अंगावर आल्यासारखा वाटला. मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने शहराशी केलेला वेगळा करार अजून कोर्टाच्या देखरेखीखाली चालू आहे आणि त्याबद्दल मी राज्याची ऋणी आहे. पण राज्याने एप्रिल २०२२ मध्ये काढलेला निष्कर्ष वंशभेदाबद्दलचा होता. अपंगत्वाच्या आधारावर होणाऱ्या भेदभावाचा निष्कर्ष तुमच्या विभागाचा होता, आणि त्यावरचे उपाय तुमच्या डिक्रीत होते. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष थोरले बुश यांनी सही करून लागू केला. हा कोणत्या एका पक्षाचा कायदा नाही. तो अमलात आणणं हे तुमच्या विभागाचं काम आहे, आणि माझ्या मुलासारख्यांसाठी नेमका तोच भाग आता कोर्टाच्या नजरेबाहेर गेला.

मेंफिसचं तर मला अजून पटत नाही. मानसिक त्रासातल्या माणसाकडे प्रशिक्षित पोलिस पाठवण्याची पद्धत १९८८ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि 'मेंफिस मॉडेल' म्हणून देशभर शिकवली जाते. तिथल्याच पोलिसांनी वर्तनविषयक आजारांचं निदान झालेल्या आठ वर्षांच्या मुलाला बेड्या घातल्या, टेझरची (विजेचा झटका देणाऱ्या बंदुकीची) धमकी दिली, सोफ्यावर फेकलं, असं तुमच्या विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं. आठ वर्षांचा मुलगा! पाच-साडेपाच महिन्यांत ते लिखाण तुम्ही मागे घेतलंत. त्या मुलाच्या बाबतीत जे घडलं ते घडलं नव्हतं, असं म्हणायचं आहे का? तसं असेल तर पुरावा दाखवा. नसेल तर का मागे घेतलंत?

लुइव्हिलबद्दल थोडक्यात लिहिते. १३ मार्च २०२० च्या रात्री ब्रिओना टेलर ही काळी तरुणी तिथल्या पोलिसांच्या छाप्यात मारली गेली. तिच्या घरात बाहेरून, पडदे लावलेल्या खिडकीतून आणि काचेच्या दारातून दहा गोळ्या झाडणाऱ्या ब्रेट हॅन्किसन या पोलिस अधिकाऱ्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं. त्याच्या गोळ्या कुणाला लागल्या नाहीत हे खरं; पण त्या शेजारच्या घरात शिरल्या. जुलै २०२५ मध्ये तुमच्या सहीने कोर्टाकडे शिक्षा मागितली गेली ती एका दिवसाची. अध्यक्ष ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीश रिबेका ग्रेडी जेनिंग्ज यांनी ती नाकारून ३३ महिन्यांची कैद दिली. ज्या विभागाने खटला लढवून जिंकला, त्यानेच शिक्षा नको म्हणावं, हे टेलरच्या आईने कसं समजून घ्यायचं?

आणखी एक गोष्ट. गैरवर्तनामुळे काढलेला अधिकारी दुसरीकडे निमूट भरती होऊ नये म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल अधिकाऱ्यांच्या नोंदींचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये तो बंद झाला. नोकरीवर घेण्याआधी मागचं रेकॉर्ड पाहणं ही साधी खबरदारी आहे. त्यात पोलिसविरोधी काय आहे?

मी पोलिसांच्या विरोधात नाही. ५ ऑगस्ट २०१२ रोजी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात बंदूकधारी घुसला, तेव्हा सर्वात आधी पोहोचलेले लेफ्टनंट ब्रायन मर्फी यांच्या अंगात पंधरा गोळ्या गेल्या. मदतीला धावलेल्या सहकाऱ्यांना त्यांनी आधी आतल्या लोकांकडे जा म्हणून खुणावलं. चंदीगडमध्ये, शीख घरात जन्मलेल्या तुम्हाला त्या दिवसाबद्दल मी काय सांगणार? असे अधिकारी आहेत म्हणूनच मी आजही अडचणीत ९११ फिरवते. आणि त्यांच्याच गणवेशात शॉविन वर्षानुवर्षं लपू शकला, याचा सर्वात जास्त तोटा त्यांनाच झाला.

माझ्या मागण्या अशा :

१. मिनिआपोलिसच्या २०२३ च्या अहवालातली कोणती घटना खोटी आहे, ते पुराव्यासह जाहीर करा. मेंफिस, फिनिक्स आणि बाकीच्या शहरांबाबतही तेच करा. खोटं काही सापडलं नसेल, तर मागे घेतलेले निष्कर्ष पुन्हा नोंदीवर आणा.

२. मोठी डिक्री नको असेल, तर अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली, फक्त मानसिक आणि वर्तनविषयक अपंगत्वापुरता, मुदत ठरवलेला करार आमच्या शहराशी करा. तो पाळला जातो की नाही हे पाहायला खात्याबाहेरचा माणूस नेमा आणि त्याचे अहवाल लोकांसाठी खुले ठेवा.

३. फेडरल अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाच्या नोंदींचा डेटाबेस पुन्हा चालू करा.

४. ज्यूरीने दोषी ठरवलेल्या अधिकाऱ्यासाठी नाममात्र शिक्षा मागायची असेल, तर त्याआधी पीडितांच्या कुटुंबाला समोर बसवून कारण सांगा.

५. मिनिआपोलिसला या. तुमच्या निर्णयाआधी आमच्यापैकी कुणालाही विचारलं गेलं नाही. स्वमग्न मुलांचे पालक, पोलिसांच्या हातून घरचं माणूस गेलेली कुटुंबं आणि गस्तीवर जाणारे अधिकारी, या सगळ्यांना एका खोलीत घेऊन बसा. जागा, वेळ आणि चहाची व्यवस्था मी करते.

महापौर फ्रे आणि सिटी कौन्सिल यांनाही याच पत्राची प्रत दिली आहे. फेडरल डिक्रीतल्या सुधारणा आपण स्वतःहून करू, असं शहराने जाहीर केलं आहे. मग मानसिक संकटाच्या किती फोनवर प्रशिक्षित माणूस पाठवला आणि किती वेळा बळाचा वापर झाला, हे दर तीन महिन्यांनी वेबसाइटवर टाका. पहिल्या तिमाहीचे आकडे कधी मिळतील, त्याची तारीख मला लेखी कळवावी.

कळावे,

एका स्वमग्न मुलाची आई
दक्षिण मिनिआपोलिस, मिनेसोटा